कोनाड्यातला सहावा कप

मी एक कप आहे. चिनी मातीचा. काठाला निळी रेघ, पोटावर दोन पानं आणि एक फूल. कान मात्र नाही. तरी या घरात जे बोललं गेलं ते सगळं मी ऐकलं आहे, आणि आज ते सांगायचं ठरवलं आहे.

आम्ही सहा भावंडं. एकोणतीस साली कमळाच्या नवऱ्याने आम्हाला मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीला धाडलं. तो तिथे नोकरीला. इथे घरात त्याची बायको कमळा, आई येसूबाई आणि वडील आप्पा. आप्पा कचेरीत कारकून होते.

पहिल्याच आठवड्यात येसूबाईंच्या हातून मी धुण्याच्या चिऱ्यावर निसटलो आणि माझा कान गेला. येसूबाई जिवाने हळव्या. नवी वस्तू टाकून देववेना. पाच कप स्वयंपाकघरातल्या फळीवर गेले आणि मला त्यांनी पडवीतल्या कोनाड्यात ठेवलं. मला खोटं बोलायचं नाही, तेव्हा मला तो मान वाटला. पाच जण दाटीवाटीने फळीवर, आणि मला एकट्याला अख्खा कोनाडा.

त्या वर्षांत रत्नागिरीत शिवाशिव मोडण्याच्या सभा होत. आप्पा पुढच्या रांगेत बसत. एकदा तर उभे राहून बोलले, की आमच्या घरापुरती शिवाशिव आजपासून संपली. बोलल्याप्रमाणे ते वागलेही. चिमा आमच्या घरात उंबरा ओलांडून माजघरापर्यंत येऊ लागली.

चिमा महारवाड्यातली. मुंबईच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकून, दाखला घेऊन आलेली. गावात तशीच शिकलेली दुसरी एक सुईण होती, तिला सगळे नर्सबाई म्हणत. हिला चिमा म्हणत.

ती आली की येसूबाई प्रेमाने म्हणत, "बस गो चिमा. तुझा कप आण कोनाड्यातला." मग चहाचं भांडं उंच धरून, धार लावून माझ्यात चहा ओतत. साखर सढळ. चहा झाला की चिमा मला स्वतःच विसळून कोनाड्यात पालथा घाली. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती.

एकतीस साली कमळाचं पहिलं बाळंतपण अवघड गेलं. दीड दिवस चिमा तिच्या उशापासून हलली नाही. मुलगी झाली, दोघी वाचल्या. मग दहा दिवस सोयेर. बाळंतिणीला कुणी शिवायचं नाही, तिची भांडी वेगळी. तिच्या खोलीत चिमाच तेवढी जा-ये करी. खिडकीच्या फळीवर कमळाचा जर्मन धातूचा पेला आणि चिमासाठी आत आलेला मी, असे आम्ही दोघे शेजारी शेजारी राहिलो. कमळा पडल्या पडल्या आमच्याकडे बघत असे.

अकराव्या दिवशी कमळाने न्हाऊन शुद्ध लुगडं नेसलं. तिचा पेला राखेने घासून स्वयंपाकघरात गेला. मी पडवीत आलो.

कमळाने ते पाहिलं. ती मराठी सातवी झालेली, वाचणारी मुलगी. चिमाला म्हणाली, "माझं दहा दिवसांत फिटलं. तुझं कधी फिटायचं?" चिमा बाळाची दुपटी घडी करत नुसती हसली.

बाराव्या दिवशी बारसं. चिमाला बोलावणं नव्हतं. कमळाने विचारलं तेव्हा येसूबाई म्हणाल्या, की एवढ्या बायकांत तिलाच अवघडल्यासारखं होईल, आपण तिच्या घुगऱ्या घरपोच करू. आणि खरंच केल्या, चांगल्या पायलीभर. कमळा पुढे आप्पांपाशी गेली. म्हणाली, आपण चिमाला वेगळं वागवतो. आप्पांनी चष्मा काढून विचारलं, कोण वागवतं? ती आत येते, बसते, चहा पिते. कुणी वाकडा शब्द बोललंय का तिला?

कुणी बोललं नव्हतं. कमळा परत आली. ज्या गोष्टीला नाव नसतं, तिच्याविषयी भांडताही येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

नाव पुढे चिमानेच दिलं. कमळाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. चिमा तपासायला आली होती, पडवीत दोघीच होत्या आणि मी चिमाच्या हातात होतो.

"वयनी," ती म्हणाली, "रस्त्यात कुणी हाड् केलं तर मी उत्तर देते. तो कडक विटाळ, त्याला मी ओळखते. तुमच्याकडे कुणी हाड् करत नाय. माझी सोय करतात. माझ्यासाठी कप ठेवतात, वर साखर घालतात. आता सोयीला काय उत्तर देऊ? मी याला मऊ विटाळ म्हणते. मऊ असतो म्हणून हाताला लागत नाय, एवढंच."

मग मला खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "या खेपेचं बाळंतपण मी करीन. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. पण बारशाला बोलावणं आलं नाय, तर पुढे या घरात माझं पाऊल लागणार नाय. मग दुसरी सुईण बघा."

त्या दिवशी तिने माझ्यातला चहा प्यायला नाही. पडवीच्या कडेला ओतला आणि मला विसळलंही नाही. तशीच गेली.

न विसळलेला कप येसूबाईंना कळला. बिचाऱ्या रात्रभर तळमळल्या असाव्यात. कारण पुढच्या वेळी त्यांनी फळीवरचा चांगला, कानाचा कप काढून चिमाला त्यात चहा दिला. मला वाटलं, संपलं सगळं. चिमा गेल्यावर येसूबाईंनी तो कप धुतला, क्षणभर हातात धरून उभ्या राहिल्या आणि माझ्या शेजारी कोनाड्यात आणून ठेवला. आता आम्ही दोघे झालो.

माझा अभिमान उतरला तो तेव्हा. इतकी वर्षं मी समजत होतो की मी इथे आहे तो कान गेला म्हणून.

कमळाला मात्र तो शब्द मिळाला होता आणि तिने तो सोडला नाही. आवाज चढवत नसे. नर्सबाई आणि चिमा असं कुणी एका दमात बोललं की म्हणे, हा मऊ विटाळ. उंचावरून धार पडली की म्हणे, आई, हाही. आप्पा दुखावले. चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण पाचव्या दिवशी सभेला निघाले आणि पडवीत थांबले. कोनाड्यातल्या आम्हा दोघांकडे बघत बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी सभेला गेले नाहीत.

चौतीस साली मुलगा झाला. चिमाने शब्द पाळला. बारशाच्या सकाळी येसूबाई चिमाकडे धाडायच्या घुगऱ्यांचं पातेलं बांधू लागल्या तेव्हा कमळा पाळण्यापाशी बसली होती.

"आई, चिमाबाई आल्यावाचून मी नाव ठेवणार नाही."

"बायका उठून जातील गो."

"जाऊ देत. ज्या हातांनी याला जगात घेतलं ते हात पाळण्याला लागले तर आम्हाला चालत नाही, हे त्यांना मोठ्याने म्हणू दे. आपणही म्हणू. नाहीतर बोलावणं धाडा."

येसूबाईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी टोपी घातली आणि बोलावणं करायला स्वतः गेले.

चिमा इरकली लुगडं नेसून आली. सात बायका उठून गेल्या, नऊ राहिल्या. पाळण्याच्या खालून बाळ दिलं कमळाच्या नणंदेने आणि वरून घेतलं चिमाने. येसूबाई भिंतीला टेकून होत्या. त्यांचे डोळे भरले होते. रागाने की कशाने, ते मला सांगता येणार नाही.

मग कमळाने चहा केला. आम्हा दोघांना कोनाड्यातून आणून सहाही कप एका ताटात ठेवले आणि पहिल्या फेरीला ताट फिरवलं. ज्याचा हात ज्या कपावर पडेल तो त्याचा. चिमाच्या हाती फळीवरचा एक कानाचा कप आला. मी आलो आप्पांच्या हाती. चटके बसत होते. धोतराच्या सोग्याने धरून त्यांनी मला रिकामा केला.

"याला धरायचं कसं ते कळायला वेळ लागतो," ते चिमाला म्हणाले.

"होय तर, आप्पा," चिमा म्हणाली. "मला पाच वर्षं लागली."

त्याला आता चार वर्षं झाली. मी फळीवर दाटीवाटीत असतो. येसूबाई अजून कधी कधी धार उंच धरतात, मग आपल्याच हाताकडे बघून भांडं खाली आणतात. कोनाड्यात आता दिवा असतो.

तुमच्या घरी पडवीत, मोरीवर, मागल्या दारी असा एखादा कप पालथा असेल. तो फोडू नका, त्याचा काही अपराध नाही. आणि त्याच्या जागी नवा, चांगला कपही ठेवू नका. त्याला आत आणा, बाकीच्यांत मिसळा. कुणी विचारलं की असं काय केलंत, तर गोड बोलून विषय बदलू नका. जे होतं त्याचं नाव घ्या.