रविवारचा पाटा

साडेतीनला दहा मिनिटं कमी असताना सेवकरामने प्लास्टिकची खुर्ची उचलली, अंगणातल्या जुन्या पाट्यासमोर नेऊन ठेवली आणि पाहुण्याला म्हणाला,

“बसा जी. आता येतीन.”

कोंढ्याहून आलेला भोजराज बसला. मधमाश्या पाळणं हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. आज तो टेम्पो घेऊन आला होता सेवकरामच्या दोन मधपेट्या न्यायला. पण पेट्या उचलायच्या तर दिवस मावळून साऱ्या माश्या घरी परतल्यावरच, तेव्हा तोवर बसणं आलंच. समोरचा पाटा मात्र रिकामा होता. घरात मिक्सर आल्यापासून तो भिंतीच्या कडेला पडून होता. त्याच्यावर ना फूल होतं ना पाणी.

“इथं कायले येतीन?” भोजराजने विचारलं.

“पाहा तर खरं.”

पेट्या तशा सेवकरामच्या नव्हत्या. त्याच्या लेकीच्या, गुड्डीच्या होत्या. मोहाडीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना तिने माश्यांवर प्रयोग मांडला होता. साखरेचं पाणी करायचं, त्यात गवती चहा उकळून वास द्यायचा, आणि बरोबर साडेतीनला बशी या पाट्यावर ठेवायची. माश्यांना वास कळतो, जागा कळते आणि वेळही कळते, हे तिला दाखवायचं होतं. आठ दिवसांत माश्या अशा सोकावल्या की बशी यायच्या आधीच पाट्यावर हजर. “बाबा, माशायले घड्याळ समजते,” असं म्हणून ती हसायची आणि वहीत लिहून ठेवायची.

मग ते तापाचं वर्ष आलं. एकाच आठवड्यात घरातली तिन्ही माणसं आजारी पडली. गुड्डीला भंडाऱ्याला नेलं, ती तिकडूनच गेली. घरी आली ती नुसती तिची चप्पल आणि मोबाईल. सेवकराम बरा झाला, पण त्याच्या नाकातला वास त्या तापाने नेला तो नेलाच. राइस मिलमध्ये तो उसण्या तांदळासाठी धान उकडायच्या हौदावर काम करतो. तो वास रस्त्याने जाणाऱ्याच्याही नाकात भरतो, त्याला येत नाही. एकदा त्याच्या बायकोने, बेबीबाईने, चहात गवती चहा टाकला तेव्हा तो तिला म्हणाला होता, “मले टाकत नको जाऊ. मले काय, गरम पाणी देलं तरी सारखंच.” त्यानंतर या घरातला चहा बिनवासाचाच होतो.

वासाबरोबर आणखी काय काय गेलं याचा त्याने कधी शोध घेतला नाही. लोक म्हणत, रडून घे गड्या, मोकळं वाटेल. त्याला रडू येत नव्हतं, हसूही येत नव्हतं आणि जेवायचं ते घड्याळ बघून जेवत होता. बेबीबाई तर त्याच्याहून कोरडी. एके काळी नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण आताशा कशाने रागावतही नव्हती. चार वर्षांत तिने गुड्डीचं नाव काढलं नव्हतं. पेट्या देऊन टाकू का, असं गेल्या महिन्यात त्याने विचारलं तेव्हा “तुमची मर्जी” म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. बाई विसरली, असं त्याने मनाशी धरलं. त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

एकच गोष्ट त्याला अडवत होती. मिलला रविवारी सुट्टी. रविवारी तो अंगणात बसला की साडेतीनच्या सुमाराला माश्या या रिकाम्या पाट्यावर येत. चार वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता. या घरात कुणाला तरी गुड्डी आठवते, असं त्या वेळी त्याला वाटायचं, आणि आठवड्यातून तेवढंच काय ते त्याला वाटायचं. म्हणून त्याने ठरवलं होतं, जाणत्या माणसाला दाखवू. माश्यांना खरंच पोरगी आठवत असेल तर पेट्या इथून हलायच्या नाहीत. आणि नसेल, तर लाकडाची खोकी धरून बसण्यात काय अर्थ?

पहिली माशी आली. पाट्याभोवती एक चक्कर मारून मधोमध उतरली आणि खळग्याखळग्यातून चालू लागली. मग दुसरी आली, मग चार एकदम. बघता बघता दगडावर दहा-बारा माश्या फिरत होत्या, काहीतरी हरवल्यासारख्या.

“पाहा,” सेवकराम खुर्चीमागे उभा राहून म्हणाला. “गुड्डी इथं बशी ठेवे. आतावरी याद हाये तिची.”

भोजराज एरवी गोड बोलून वेळ मारून नेणारा माणूस, पण माश्यांच्या बाबतीत त्याला खोटं बोलवत नसे.

“भाऊ, माशी जगते किती? दीड महिना. थंडीत थोडी जास्त. तुमच्या पोरीच्या हातची साखर खाल्लेली माशी कवाचीच मेली.”

“तिनं मागच्यायले सांगितलं असन.”

“सांगते जी. पेटीत जाऊन वास देते, रस्ता बी सांगते. पण बशी रिकामी दिसली का चार-आठ दिवसांत नाद सोडतेत. गेलेल्याची याद ठेवणं माशायले परवडत नाही.”

सेवकरामने मान हलवली. खुर्चीची पाठ धरलेला हात तसाच राहिला. मग ठीक, जाऊ देत पेट्या, असं त्याने मनात म्हटलं.

“मंग ह्या काहून येऊन राहिल्या?”

तेच तर भोजराजलाही कळत नव्हतं. तो उठला, गुडघे टेकले आणि माश्यांना न बिचकवता दगडाजवळ नाक नेलं.

“ताजा वास हाये,” तो म्हणाला. “गवती चहाचा. कालचाच असन. कोणीतरी रोज…”

बेबीबाई चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती उंबऱ्यावरच थांबली. भोजराजने तिच्याकडे पाहिलं, वाक्य तिथेच सोडलं आणि गुडघ्यांची माती झटकू लागला.

सेवकरामने न्हाणीकडे पाहिलं. तिथला गवती चहाचा ठोंब नेहमीसारखा भुंडा होता, पाती एका रेषेत कापलेली. ही शेजारच्या शेळीची करणी, असं तो चार वर्षं समजत आला होता; दोनदा शेजाऱ्याला सांगूनही आला होता. शेळी काही इळ्याने कापत नाही.

चहा झाला. भोजराजने पेट्या बांधायला काढलेली दोरी आपणच गुंडाळली आणि टेम्पोत टाकली.

“येतो जी. उजेड हाये तोवरी कोंढा गाठतो.”

पेट्यांचं त्याने विचारलं नाही आणि सेवकरामनेही तो विषय काढला नाही.

टेम्पो वळला तरी माश्या पाट्यावर होत्या. बेबीबाई कप गोळा करत होती.

“रोज ठेवतेस?” सेवकरामने विचारलं.

“तुमी मिलात गेल्यावर.”

“अन् रविवारी काहून नाही?”

कपात कप घालता घालता ती थांबली.

“रविवारी तुमी पाहाले बसता ना,” ती म्हणाली. “बशी दिसली असती तर तुमाले समजलं असतं.”

सेवकरामने वळचणीचा इळा काढला, न्हाणीपाशी गेला आणि ठोंबावर जी काही पाती उरली होती ती कापली. चुरगळून नाकाशी नेली. काही आलं नाही. तशीच मूठ घेऊन तो परत आला आणि बायकोपुढे धरली.

“गुड्डीची माय,” तो म्हणाला. चार वर्षांत ही हाक त्याच्या तोंडून निघाली नव्हती. “येते का वास?”

ती मुठीवर वाकली. डोकं वर करायला तिला वेळ लागला.

“येते.”

“मंग टाक उकळाले.”

“आज रविवार हाये.”

“असू दे,” सेवकराम म्हणाला. “बशी कुठं लपवून ठेवतेस ते सांग.”