नऊ मिनिटांचा ट्रक

तिसरा प्लग केवळाबाईंनी पान्यानं खोलला, तळहातावर घेतला आणि दुकानाच्या दारात उन्हाकडे धरला. टोक पांढरं फटक. नीट चाललेल्या इंजिनाचा प्लग खारकेच्या रंगाचा निघतो. हा पांढरा, म्हणजे इंजिन उपाशी; पेट्रोल पुरेना झालंय. त्यांनी तो रामलिंगसमोर धरला आणि दुसऱ्या हाताची पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली.

"जेवण?" रामलिंग गोंधळला. "न्हाई मावशी, आम्ही जेवून आलो."

बाकावरचे अर्जुनराव खो खो हसले. त्यांचा फवारणीचा पंप दुरुस्त होऊन पायाशी तयार होता, पण उठायचं नाव नव्हतं.

"अरे बाबा, इंजिनाला खायला मिळंना म्हणून राहिल्या त्या. आज सोमवार हाय. सांजवात लागंपर्यंत बाई बोलत न्हाईत. अकरा वर्षं झाली. आमच्या घरात कुणी असलं व्रत धरलं तर तेलवात मी पुरवीन!"

केवळाबाई हसल्या, पण आवाज निघू दिला नाही. पहिल्या वर्षी त्या पाटीवर लिहून दाखवायच्या. मग वाटलं, लिहिणं म्हणजेही बोलणंच की. पाटी सुटली. हदगावच्या गिऱ्हाइकांनाही आता सवय झाली होती. सोमवारी पंप घेऊन येणारा माणूस खुणांनी भांडायचा आणि खुणांनीच समजून जायचा.

आज मात्र फरशीवर पंप नव्हता. रिमोटवर पळणारा, अडीच हात लांबीचा ट्रक होता. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरापोरींनी जुळवलेलं पंधरा किलोचं धूड. ताटलीएवढी चाकं आणि पोटात पेट्रोलचं टू-स्ट्रोक इंजिन, फवारणीच्या पंपात असतं तसंच. म्हणून तर केवळाबाईंच्या लेकीनं, सृष्टीनं, तो पोत्यात घालून बसनं घरी आणला होता. टीममध्ये इंजिन तिच्याकडं होतं. उद्या सकाळी कॉलेजच्या मैदानावर स्पर्धा. ट्रक पंधरा मिनिटं न थांबता पळायला हवा, आणि हा नऊ मिनिटांच्या पुढं जाईना.

"तीन प्लग झाले, मावशी." रामलिंग टीमचा कॅप्टन, निलंग्याकडचा, बोलण्यात सदा घाई. "नवा प्लग घातला, पेट्रोल भरलं की चालू. नऊ मिनिटं झाली की बंद. पोरं म्हणून राहिलीत, इंजिन टीममधल्या पंचाक्षरीच्या हातात द्या. मी हिच्यासाठी आजचा दिवस मागून घेतला."

ट्रकच्या चाकात अडकलेली माती सृष्टी काडीनं काढत होती. सगळी माती निघाली तरी काडी फिरतच राहिली.

केवळाबाईंनी चौथा प्लग घेतला, करवतीच्या पात्याचा तुकडा त्याच्या फटीत सरकवून अंतर पाहिलं, आणि तो बसवून लेकीकडे मान हलवली. सृष्टीनं दोरी ओढली. इंजिन गरजलं. रामलिंगनं रिमोट घेतला आणि ट्रक दुकानामागच्या रिकाम्या जागेत गोल गोल पळू लागला. धुळीचा लोट उठला.

केवळाबाईंनी घड्याळ पाहिलं नाही. हात पुसून जपमाळ घेतली. त्यांच्या एका माळेला तीन मिनिटं लागायची, कमी नाही की जास्त नाही. पहिली माळ झाली. दुसरी झाली. मणी ओढता ओढता कान इंजिनाकडंच होता. तिसऱ्या माळेचे थोडे मणी उरले असताना आवाज बारीक झाला, कुणी नाक दाबल्यासारखा कोंडला, आणि ट्रक थांबला.

सृष्टी पळाली. पेट्रोल किती उरलं ते बघायला तिनं टाकीचं झाकण फिरवलं.

सुस्स.

आवाज इतका हलका होता की रामलिंगनं ऐकलाही नाही. केवळाबाईंचं बोट मण्यावर तसंच राहिलं.

"अर्धी टाकी हाय," सृष्टी म्हणाली आणि झाकण लावलं.

"मग काय, घाल नवा प्लग," रामलिंग म्हणाला.

केवळाबाईंनी हात आडवा केला आणि दोरीकडं बोट दाखवलं. सृष्टीनं ओढली. दुसऱ्याच झटक्याला इंजिन सुरू झालं.

"आं? प्लग तर तोच हाय की!"

केवळाबाईंनी इंजिन बंद करायला लावून झाकण मागून घेतलं. टाकीच्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल कमी होईल तशी त्यातून हवा आत जाते. ते बुजलं की टाकी पेट्रोल सोडत नाही. झाकण उघडलं की हवा शिरते आणि सगळं पुन्हा सुरळीत, मग श्रेय जातं प्लगला. धुळीनं बुजलेली असली झाकणं त्यांनी दर हंगामात पाच-पन्नास साफ केली होती.

त्यांनी झाकण उताणं केलं, मग सुलटं. वरती, बरोबर मधोमध, कुंकू होतं.

पंधरा दिवसांपूर्वी ट्रक नवाच जुळला होता तेव्हा सृष्टी तो घरी दाखवायला घेऊन आली होती. केवळाबाईंनी पूजा केली होती. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडेल म्हणून खोबरेल तेलात कालवलं होतं, आणि बोट चांगलं दाबून टेकवलं होतं. त्यावर धूळ बसून आता त्याची लाखेसारखी टिकली झाली होती.

"ते तर मी मागंच पुसून टाकणार होतो," रामलिंग म्हणाला. "ही हात लावू देईना. म्हणती, मायनं लावलंय."

केवळाबाई पाठमोऱ्या झाल्या. बांगडीतली पिन काढली, कुंकू खरवडलं, भोक मोकळं केलं, झाकण पदरानं पुसलं आणि घट्ट लावून टाकलं. मग इंजिन सुरू करून स्क्रूड्रायव्हर घेतला. नऊ मिनिटांच्या रोगावर उपाय म्हणून रामलिंगनं पेट्रोल कमी-जास्त करणारे कार्बोरेटरचे स्क्रू पार सैल करून ठेवले होते. त्या कानानं ऐकत ते आवळत गेल्या. आवाज जिथं स्वच्छ झाला तिथं हात थांबला. वाकून पाहिलं, तर स्क्रूची खाच नेमकी नेलपॉलिशच्या लाल रेघेसमोर आली होती. सृष्टीची पहिल्या दिवसाची खूण.

ट्रक पुन्हा सुटला. तिसरी माळ सरली, चौथी, पाचवी. सहाव्या माळेला अर्जुनरावच ओरडले, "बास करा, आता चक्कर येऊन राहिली मला!"

प्लग काढला. खारकेचा रंग.

"मावशी, तुम्ही म्हणजे ना!" रामलिंगनं हात जोडले. मग आवाज उतरवून म्हणाला, "म्हणजे पहिल्यापासून स्क्रूच चुकीचे लावलेले होते. सृष्टी, वाईट वाटून घेऊ नको, पण उद्या इंजिन पंचाक्षरी बघंल. रिस्क नको."

पेट्रोल बघायला सृष्टीनं टाकीचं झाकण काढलं होतं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. लख्ख झालं होतं. तिनं आईकडं पाहिलं, क्षणभरच, आणि झाकण लावून टाकलं.

"हाव," ती म्हणाली. "चालंल." आणि पोतं पसरायला लागली.

"पळा लवकर, सहाची नांदेड गाडी येईल," अर्जुनराव म्हणाले.

केवळाबाई आत गेल्या. मोरीवर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. देवापुढं वात ठेवली, तेल घातलं. काडी ओढताना हात जरा अडला. खिडकीतून ऊन थेट देवांच्या अंगावर आलं होतं. त्यांनी काडी ओढली.

"ओ बाई," बाहेरून अर्जुनराव ओरडले, "वात कामून लावली? दिवस हाय की अजून!"

त्या करंडा घेऊन दारात आल्या. दिवसभर न वापरलेला आवाज आधी खरखरला.

"रामलिंग, बाबा, झाकणाचं भोक माझ्या कुंकवानं बुजलं होतं. तेवढाच दोष होता. स्क्रू मी हिच्याच खुणेवर आणून ठेवलेत, बघ जा. हिची खूण पहिल्यापासून बरोबर होती."

रामलिंग वाकला. लाल रेघ बघून झाल्यावरही बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"मग इंजिन..." तो पुटपुटला आणि रिमोटशेजारचा स्क्रूड्रायव्हर उचलून त्यानं सृष्टीपुढं धरला.

सृष्टीनं तो घेतला, पण बघत होती आईकडं.

"माय, अजून दिवस मावळला न्हाई."

"ठाऊक हाय," केवळाबाई म्हणाल्या. "तुमची गाडी चुकली असती."

त्यांनी करंडा उघडला, चिमूटभर कोरडं कुंकू घेतलं आणि ट्रकच्या पुढच्या बंपरवर लावलं.