भादरलेला हात

ड्वेनच्या डाव्या हातावर नाण्याएवढी जागा गुळगुळीत भादरलेली दिसली आणि आर्लीनने कॉफीचा कप खाली ठेवला. चाळीस वर्षं धनुष्यबाणाच्या शिकाऱ्याशी संसार केलेली बाई ती. बाणाच्या पात्याला धार चढली की नाही, हे ही मंडळी हातावरचे केस काढून बघतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"हे काय रे?"

"भाजलं जरा. शेगडीवर."

"भाजलं? इतकं गुळगुळीत?"

"आता माझे केसही मोजणार का तू?"

वसंतात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. धनुष्य पुन्हा ओढलंत तर रानातच आडवे व्हाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आता विस्कॉन्सिनात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडलेला. आर्लीन तडक गॅरेजमध्ये गेली. कानशीच्या दात्यांत लोखंडाचा ताजा कीस होता. रानात धार लावायला ड्वेन खिशात न्यायचा तो छोटा दगड जागेवर नव्हता. मग रोज दुपारी फिरायला म्हणून हा जातो तरी कुठे? "शिकारीला जात नाहीस ना?" असं ती रोज विचारायची, आणि हा लबाड नुसता हसायचा. त्या हसण्याने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बुधवारी ती गुपचूप त्याच्या मागे गेली. ओढ्यापलीकडे आपल्या जुन्या मचाणाखाली तो ओंडक्यावर बसला होता, दगडावर पातं घासत.

"सापडलास! धनुष्य कुठे लपवलंस?"

"घरी खुंटीला आहे. जाऊन बघ."

तिने इकडे तिकडे पाहिलं. धनुष्य नव्हतं, बाणही नव्हते. तिने त्याच्या हातातलं पातं हिसकावून घेतलं आणि उजेडात धरून पाहिलं. दोन बोटं रुंद पातं झिजून झिजून करंगळीएवढंही उरलं नव्हतं. असल्या पात्याने ससासुद्धा मरायचा नाही. महिनोन्‌महिने हा एकच पातं घासत बसला होता.

"मग सांगायचंस ना, वेड्या! मी इकडे भीतीने मरतेय आणि तू हसतोस?"

ड्वेनने दगड खिशात टाकला.

"डॉक्टर, पोरं, शेजारचा वेंडेल, सगळे धरून चालतात की मी संपलो. मी अजून शिकारीला जाऊ शकेन असं फक्त तुलाच वाटायचं. तू रोज विचारायचीस ना, बरं वाटायचं गं."