डाव्या कानातली खरखर

मित्रांनो, माझ्या पोटात काही नाही. खरंच काही नाही, हवासुद्धा नाही. मी जुन्या रेडिओतला एक व्हॉल्व्ह आहे, अंगठ्याएवढा, काचेचा. वीज मिळाली की माझ्या आत नारिंगी उजेड पेटतो. बारीक आवाज मोठा करून पुढे पाठवायचा, हे माझं काम.

माझी उमेदीची वर्षं सांडोर गावच्या एका बागायतदाराच्या घरी, रेडिओत गेली. संध्याकाळी बातम्या ऐकायला शेजारपाजारचे ओटीवर जमत. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि माझी रवानगी बिस्किटांच्या डब्यात झाली. कोणी साधी विचारपूस केली नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

त्या घरचा मुलगा मधू मोठेपणी पेट्या दुरुस्त करू लागला. पेटी म्हणजे हार्मोनियम. भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्याकडे येत, तशाच चर्चच्या क्वायरच्याही. सूर केसभर उतरला तरी त्याच्या कानाला कळे. उतारवयात निवांत गाणं ऐकावं म्हणून त्याने हेडफोनसाठी अ‍ॅम्प्लिफायर घरीच बनवला आणि मला डब्यातून बाहेर काढलं. डाव्या कानाला मी, आणि उजव्याला माझ्याच जातीचा दुसरा व्हॉल्व्ह. तो पापडी गावच्या जोसेफच्या रेडिओतला. जोसेफ हा मधूचा लहानपणापासूनचा दोस्त, क्वायरमध्ये गाणारा. अ‍ॅम्प्लिफायरच्या वर आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे असायचो. पुन्हा कोणाच्या तरी कामी येतोय, याचा मला फार आनंद होता.

दसरा झाला आणि मधूच्या डाव्या कानात खरखर सुरू झाली.

संशय अर्थातच माझ्यावर. त्याने पेन्सिलीच्या रबराने मला हळूच टिचकी मारली. व्हॉल्व्ह आतून सैल झाला असेल तर त्याचा नाद हेडफोनात घुमतो. मी गप्प राहिलो. मग त्याने आम्हा दोघांच्या जागा बदलल्या. हिशोब सोपा होता. दोष माझ्यात असेल, तर खरखरही माझ्याबरोबर उजवीकडे जायला हवी. ती गेली नाही. डाव्या कानातच राहिली. त्याने आम्हाला पुन्हा आपापल्या जागी बसवलं.

म्हणजे मी सुटलो. आता फक्त हेडफोन उलटा घालून पाहायचा होता. खरखर उजव्या कानात गेली तर बिघाड यंत्राचा. डाव्यातच राहिली, तर बिघाड कानाचा.

मधूने हेडफोन हातात घेतला. बराच वेळ तसाच धरून बसला. मग त्याने तो खाली ठेवला, मला उपटून काढलं आणि बायकोला, जयवंतीला, हाक मारून सांगितलं, "हा व्हॉल्व्ह गेलाय."

मी गेलो नव्हतो. मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. पण कान गेला म्हणण्यापेक्षा व्हॉल्व्ह गेला म्हणणं सोपं असतं. मी पुन्हा डब्यात. या वेळी मला रागापेक्षा त्याची काळजी जास्त वाटली.

नाताळ जवळ आला तसा जोसेफ क्वायरची पेटी घेऊन आला.

"दुसरा कोणी बघ, जोसेफ. माझ्याच्याने आता होत नाही," मधू म्हणाला.

"अरे, तू नाही म्हणतोस? काय झालं तरी काय?"

"काही नाही. कंटाळा आला."

जोसेफ पेटी तशीच घेऊन गेला. मधूला आणि पेटीचा कंटाळा! जयवंतीला हे काही पटेना. दुपारी मधू वाडीत केळींना पाणी लावायला गेला, तेव्हा तिने मला डब्यातून काढलं, माझ्या जुन्या जागी बसवलं, बटण दाबलं आणि हेडफोन कानाला लावला. मधू परत आला तोवर मी चांगला तापलो होतो.

"अहो, ह्याच्यात फोडणी तडतडल्यासारखं काय वाजतंय?"

मधू दारातच थांबला. "तुला ऐकू येतं?"

"येतं म्हणजे? डावा कान किटला माझा!"

"उलटा घाल बघू."

तिने उलटा घातला. "आता उजव्यात तडतडतंय."

मधूच्या डोळ्यांत पाणी, आणि हसू आवरेना. जयवंती घाबरली. मग त्याने सगळं सांगितलं, आणि ती त्याला चांगलीच रागावली. "इतके दिवस एकट्याने उरावर घेऊन बसलात? मला विचारायला तोंड नव्हतं का?"

प्लग काढून, मी निवल्यावर त्याने मला उचललं आणि माझ्या जागी, म्हणजे सॉकेटात, बॅटरी मारून पाहिलं. आत पिवळा-लाल चिकटा.

"हे काय आहे?"

जयवंती ओशाळली. "दसऱ्याला कोयत्या-पहारींना खोबरेल लावलं ना, तेव्हा ह्याच्याही पायांना लावलं. खाऱ्या हवेने गंजायला नको म्हणून. वर हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्याला लावणार तोच दूध उतू गेलं."

बिचारीने माया केली होती. ती माझ्या पायांवरून ओघळून सॉकेटात जमली, एवढंच. मधूने एका शब्दाने तिला दुखावलं नाही. सॉकेट साफ केलं, माझे पाय पुसले आणि हेडफोन लावून डोळे मिटले. मग लगेच फोन केला. "जोसेफ, पेटी घेऊन ये रे."

नाताळच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, पेटी अगदी सुरात वाजली म्हणे. मला कोण नेणार ऐकायला! आता दसऱ्याला मला फक्त झेंडूचं फूल मिळतं, तेही अ‍ॅम्प्लिफायरच्या कडेला.

मित्रांनो, यंत्रांना तेल लावण्याआधी विचारा, हे तर आहेच. पण तुमच्या घरातलं कोणी हेडफोन हातात धरून गप्प बसलेलं दिसलं, तर तो मागून घ्या. आपल्या कानाला लावा, आणि काय ऐकू येतं ते त्यांना सांगा.