सयाजीची लाइन

इंग्रज जाताना बरंच काही घेऊन गेला म्हणतात, पण 'लाइन' तेवढी विसरला, आणि पोलादपूर तालुक्यानं ती उचलून घरात आणली. आंबेनळीच्या पायथ्याच्या त्या वाडीत तर या एका शब्दावर अख्खा दिवस निघायचा. रेशनला लाइन, बँकेत लाइन. मुंबईला गेलेलं पोरगं कामाला चिकटलं की लायनीला लागलं, आणि काम सोडून पोरींच्या मागं फिरलं की लाइन मारतंय. फोन लागेना तर लाइन बिघडली, सासरा ऐकेनासा झाला तरी लाइनच बिघडली. विजेला तर वीज कुणी म्हणतच नसे. ती आली की लाइन आली, गेली की लाइन गेली.

प्रयागबाईच्या लेखी मात्र लाइन एकच, नवऱ्याची. सयाजी वायरमन होता. वाडीत कुणी "लाइन गेली" म्हटलं की ती हातातलं काम टाकून त्याची भाकरी फडक्यात बांधायला घ्यायची. लाइन गेली की आमचा माणूस पण गेलाच समजा, असं ती हसत हसत सांगायची. बायकाही हसायच्या. मागच्या गणपतीनंतर ते हसणं बंद झालं.

मागच्या चतुर्थीला असं झालं. आदल्या रात्री घाटात वारं सुटलं, झाडं तारांवर पडली आणि सगळ्या वाड्या अंधारात गेल्या. सयाजी देवाला हात जोडून पहाटेच बाहेर पडला. चार घरचे गणपती उजेडात बसवतो, मग आपल्या घरच्याकडं बघतो, असं सांगून गेला. दुपारी मुलगा राजेश मुंबईहून आला तो जनरेटर घेऊन. बापाची जन्मभर लोकांच्या उजेडासाठी धावपळ चाललेली, निदान सणाला तरी आपलं घर लखलखू दे, एवढाच पोराचा विचार. जनरेटर घराच्या वायरीला जोडायच्या आधी मेन स्विच पाडायचा असतो. नाहीतर ती वीज घरातून उलटी बाहेर पडते आणि खांबावरच्या तारेत जाते. वायरमनच्या पोराला हे सांगावं लागत नाही. पण त्या संध्याकाळी आरतीची घाई होती आणि मेन पाडायचा राहिला.

सगळ्या वाडीत एकच घर उजळलं. लोकांनी राजेशची पाठ थोपटली. आरती अर्ध्यावर आली असेल नसेल, सयाजीच्या हाताखालचा चंदू चिखलातून धावत आला. वाडीच्या वरच्या खांबावरून सयाजी खाली पडला होता. तो पुन्हा उठला नाही.

तारेत कुठून तरी करंट आला, एवढंच लोकांना कळलं. तेराव्याला सगळे पांगल्यावर चंदू परसात आला आणि मान खाली घालून प्रयागबाईला म्हणाला, "काकी, लाइन वरनं बंद होती. करंट खालनं आला. तुमच्या घरातनं."

प्रयागबाईनं त्याला गणपतीची शपथ घातली. पुन्हा हे तोंडातून काढायचं नाही. नवरा गेला तो गेला, आता पोरगा तरी जगू दे. चंदूनं शपथ पाळली आणि ती वर्षभर एकटी जळत राहिली. राजेशचा फोन आला की जेवलास का, पाऊस हाय का, एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची. तोही हल्ली दोन शब्दांच्या वर बोलत नसे. बरंच झालं म्हणायची ती, आणि मग पदर डोळ्यांना लावायची.

यंदा वर्षश्राद्ध आधीच उरकून घेतलं आणि गणपती पुन्हा घरात आला. राजेशही मुंबईहून आला. ऐन चतुर्थीच्या दुपारी वारं सुटलं आणि वीज गेली. चंदू शिडी खांद्यावर टाकून वर चढून गेला. संध्याकाळी आरतीला माणसं जमली आणि शेजारच्या किशोरला पडवीतला जनरेटर दिसला. अरे, मशीन घरात असताना देवाला अंधारात का ठेवता, म्हणून त्यानं त्यावरचं पोतं ओढलं.

प्रयागबाई मशीनपुढं जाऊन उभी राहिली. ते बिघडलंय म्हणाली. किशोर म्हणाला, मी बघतो ना. तेल नाही म्हणाली. तो म्हणाला, माझ्या घरी आहे. खरं कारण सांगावं तर पोरगा चार हातांवर बसला होता, आणि न सांगावं तर वर खांबावर चंदू होता.

तेवढ्यात राजेश उठला. भिंतीशी जाऊन त्यानं मेन पाडला. मग मशीनची वायर काढून तिची गुंडाळी आईच्या हातात दिली आणि किशोरला म्हणाला, आज समईवरच आरती करू. किशोरनं पोतं परत मशीनवर टाकलं. आरती झाली, प्रसाद झाला, माणसं बॅटऱ्या लावून आपापल्या घरी गेली. मायलेक दोघंच उरले.

"आये, तवा मेन पाडायचा ऱ्हायला माझ्याकडनं," राजेश म्हणाला. "स्मशानातनं आलो तवा बघितलं. मेन वरच होता. तुला कळू नये म्हणून बोललो नाय."

वर्षभर जी गोष्ट एकमेकांपासून लपवायला दोघांनी बोलणंच टाकलं होतं, ती अशी गणपतीच्या पाटासमोर येऊन पडली. प्रयागबाई रडली. रडून घेतल्यावर मात्र तिला कळलं, की हे अर्धंच बाहेर आलंय. उरलेलं तिनं चंदूला सांगितलं नव्हतं, देवालाही सांगितलं नव्हतं.

"तू गेलेलास रे मेनपाशी," ती म्हणाली. "हात पण वर केलेलास. मीच हाक मारली. समई विझते, आधी इकडं ये म्हणून. तू माझं ऐकलंस."

राजेशनं समईची वात पुढं सारली. मग गणपतीकडं बघत म्हणाला, "तसं कायच झालं नाय, आये. मी मेनपाशी गेलोच नव्हतो. मला चांगलं आठवतंय."

लहानपणापासून पोराला खोटं बोलता येत नसे, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. समईच्या उजेडात तिनं त्याच्या कानांकडं पाहिलंच नाही. तिनं त्याच्यासाठी ताट वाढायला घेतलं.