ठिणग्याचे पाय

मंगळवारी भर दुपारी ठिणग्या कॉमिकच्या पानातून बाहेर आला आणि अनसूयाबाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसला. बसला म्हणजे कमरेपर्यंत बसला. खाली काही नव्हतंच.

"बाई, गाडी थांबत नाही," तो म्हणाला.

ठिणग्या हा काजळनगरचा यंत्रमानव, शर्यतीच्या गाड्या हाकणारा. काजळनगरचा कायदा सरळ होता. शर्यतीत हरेल त्याला भट्टीत वितळवायचं आणि त्याच्याच पत्र्याने रस्ता पुढे वाढवायचा. गोष्ट लिहायचे बाईंचे दीर नरहर, चित्रं काढायच्या बाई. एवढे हरले, एवढे वितळले, की रस्ता पानात मावेना. गेल्या आठवड्यात तो रस्ता टेबलावरून खाली उतरला. आज सकाळी ओट्याला वळसा घालून परत आला, तेव्हा बाई त्याच्यावरूनच दूध घेऊन आल्या. खोटं कशाला सांगू, पायाखालच्या पत्र्यातून आवाजही येत होते. "सावकाश. सावकाश."

बाईंनी पलीकडच्या खोलीत हाक मारली, "भाऊजी, ठिणग्या आलाय."

"बसू द्या. चहा देऊ नका, गंजेल. आणि वहिनी, भट्टी मोठी काढा, वाचकाला धग लागली पाहिजे. शेवटचं पान आहे. गाडी सरळ आत जाते."

"हरला का तो?"

"छे! जिंकला. पण थांबणार कशाने? तुम्ही ब्रेक कधी काढलाच नाहीत."

खरं होतं ते. बाईंना चाकं जमायची, धूर जमायचा, पण पाय काढायला घेतला की त्याचं रताळं व्हायचं. म्हणून प्रत्येक चौकट त्या कमरेशी कापायच्या. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फक्त ठिणग्याच्या आलं होतं.

सकाळी भट्टी रस्त्याच्या टोकाला अंगठ्याएवढी होती. आता ती ताटाएवढी दिसत होती. ठिणग्याची खुर्ची जागची हलत नव्हती, बाईंचीही नाही. भट्टीच रस्त्यावरून येत होती. बाईंनी खोडरबर घेतलं, पण भट्टी शाईने काढलेली. खोडरबराचाच वास सुटला.

"बाई, तुम्ही उठून बाजूला व्हा," ठिणग्या म्हणाला. "रस्ता माझा आहे."

"गप बस. काढू दे मला."

ब्रेक लगेच निघाला. एक दांडा, एक पट्टी. पाय मात्र निघेना.

"तुमचाच बघून काढा की."

बाईंनी चप्पल काढली आणि उजवा पाय स्टुलावर ठेवला. पानावर अंगठा काढला. मान वळवून पाहिलं, तर स्टुलावर अंगठा नव्हता. तिथे कोऱ्या कागदाचा पांढरेपणा होता. मग त्यांनी बोटं काढली, तीही गेली. शिरा काढल्या. भट्टी कपाटाएवढी झाली.

"दुखतंय का?"

"नाही. गार लागतंय."

नरहर दारात येऊन पानात डोकावले. "अहो वहिनी, काय झकास पाय झालाय! आधी कुठे होता हा?"

"टाच राहिलीय, भाऊजी. उजेड सोडा."

"उजेड कसला अडवतोय मी? तुमच्यासमोर भट्टी आहे." नरहर मागे सरले. मग त्यांची खोली दिसेनाशी झाली. त्या जागी भट्टीचं दार होतं.

बाईंनी टाच काढली. घोटा वळवला आणि रेघ ठिणग्याच्या कमरेला नेऊन जोडली. त्यासरशी त्यांना तळव्याखाली काहीतरी लागलं. लोखंडी, थरथरणारं, तळव्याएवढंच.

"दाबा," ठिणग्या म्हणाला.

"शाई ओली आहे. आत्ता दाबला तर पायाचा डाग होईल नुसता."

"किती वेळ?"

बाई पानावर वाकल्या आणि हळूहळू फुंकर घालू लागल्या. समोरून भट्टीही फुंकर घालत होती.