प्रभूकडे दिलेला निरोप

"प्रभू, यांना सांग, चहात साखर घातली आहे. ढवळायचे कष्ट घ्यावेत," काकू म्हणाली.

काकानं न ढवळताच कप तोंडाला लावला. "मला तळाशीच आवडते," तो काकूला म्हणाला. "शेवटी काहीतरी गोड राहतं."

आमच्या घरात बोलणं असं चालायचं. काकू काकाशी बोलत नव्हती आणि काका देवाशी बोलत नव्हता. देव दोघांशीही बोलत नव्हता, पण त्याचं काही कोणी मनावर घेतलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी त्यांची मुलगी तापानं गेली. नऊ वर्षांची होती. कबरीवर माती टाकून झाली तसा काका सगळ्यांदेखत म्हणाला, "आजपासून मी त्याच्याशी बोलणार नाही." काकू म्हणाली, "मग मी तुमच्याशी बोलणार नाही." आमचं खानदान तसं बोललेलं आठवड्यात विसरणारं, पण नेमकी ही दोघं शब्दाची पक्की निघाली. तेव्हापासून घरचा सगळा कारभार प्रभूमार्फत. खुराड्याचं दार कोणी उघडं ठेवलं, छपराचा पत्रा कधी ठोकणार, पुतण्याचं, म्हणजे माझं, लग्न का जमत नाही, सगळं त्याच्या कानावर. इतकी बारीकसारीक माहिती असलेला देव दुसऱ्या कुठल्या घरात नसेल.

त्या दिवशी काका चहा पिऊन अंगणात गेला आणि पारई-फावडी गोळा करायला लागला. लोखंडाचा खणखणाट. काकू आत भांडं घासत होती.

"प्रभू, यांना सांग, माळ्याच्या तळ्याचा बांध पाझरतोय. काल गवताला गेले तर पाय भिजले माझे. आज विहिरीत उतरू नका म्हणावं."

काकाला काही ऐकू गेलं नाही. मला गेलं, शब्द न शब्द. पण निरोप माझ्याकडे दिलेला नव्हता. ज्याच्याकडे दिला होता तो माझ्यापेक्षा भरवशाचा. आपण कशाला त्याच्या कामात लुडबुड करा, म्हणून मी बुटाची नाडी बांधली आणि निघालो.

आम्ही विहिरी खोदतो. काका खाली, मी वर रहाटावर. काकाच्या कमरेला दोर, आणि दोराची आमची भाषा ठरलेली. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे मला वर ओढ. तीन म्हणजे टोपली भरली. काका म्हणायचा, इतक्या कमी शब्दांत भागलं असतं तर घरात भांडण झालं नसतं.

माळ्याच्या बागेत, तळ्याला लागूनच चाललेली विहीर तीस फुटांवर गेली होती. बाजूंना फळ्यांचा आधार द्यायची काकाला गरज वाटत नसे. तो भिंतीवर मूठ मारायचा आणि कान लावायचा. कोरडी, घट्ट भिंत आवाज परत देते. ओली भिंत गिळते. गिळायला लागली की वर यायचं. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण मूठ मारायचा ती खाली पोचल्यावर, आणि पाणी झिरपत होतं वरून.

साडेनऊला तळ्याच्या बाजूची भिंत आली. पडली म्हणत नाही, आली. आधी कंबर सुटलेल्या माणसासारखी पुढं झुकली, मग सगळीच्या सगळी खाली बसली. धूळसुद्धा उडाली नाही, इतकी ओली होती. मी वाकून पाहिलं तर विहीर निम्मी भरलेली, आणि माझ्या हातातला दोर सरळ चिखलात गेलेला.

दोराला दोन झटके आले.

म्हणजे मला वर ओढ. आठ वर्षांत हा हुकूम मी एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. एवढ्या मातीखालून ओढलं असतं तर काका अर्धाच वर आला असता. पुन्हा दोन आले. मी दोर छातीशी धरून बसलो आणि माळ्याच्या नावानं बोंब मारली.

गाव जमलं. माळी आपल्या बागेतला लांबलचक लोखंडी पाइप घेऊन आला. दोराला लागून तो हळूहळू खाली ठोकला तर मातीत बारा फूट गेल्यावर एकदम मोकळा झाला. काकाची मधल्या टप्प्यावर उभं राहायची लाकडी माची त्याच्या डोक्यावर तिरकी अडकून राहिली होती आणि तिच्याखाली पेटीएवढी जागा उरली होती. पाइपातून आवाज आला.

"दोन झटके दिले होते. झोपलास का?"

"काका, पाय?"

"छातीपर्यंत गाडलोय. पाय आहेत असं धरून चाल."

मंडळींनी टोपल्यांनी माती काढायला सुरुवात केली. घाई केली की बाजू सुटायची. तासाला जेमतेम दोन फूट. अकरा वाजता पाळकसाहेब सायकलवरून आले. पाइपाशी गुडघे टेकले, तोंड लावलं आणि मोठ्या आवाजात प्रार्थना करायला लागले. तिसऱ्या वाक्याला खालून काका म्हणाला, "साहेब, तोंड बाजूला करा. हवा अडते."

पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं आणि टोपली उचलली. पुढं दिवसभर त्यांनी कोणाहीपेक्षा जास्त माती वाहिली.

काकू आली ती पदराला हात पुसत, थेट पाइपाशी बसली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सकाळी ऐकलं नाही का त्यांनी?"

"नाही."

"तू ऐकलंस?"

मी मान डोलावली. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या बुटांकडे बघत राहिली.

दुपारपर्यंत काका अधूनमधून बोलत होता. तहान लागली म्हणाला. पाइपातून पाणी सोडलं तर नाकात गेलं म्हणाला. मग थंडी वाजते म्हणाला. तीनच्या सुमाराला काहीच म्हणेना. मी दोराला एक हलका झटका दिला. दोर ढिला पडला होता. पुन्हा दिला. फावडी आपोआप थांबली. माळ्यानं डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा काकू त्याला म्हणाली, "घाल ती. ऊन आहे." मग पाइपाकडे वळली.

"प्रभू," ती म्हणाली. शेजारणीशी बोलावं तशी. "पोरीच्या वेळी मी तुझ्यापुढं अशीच बसले होते. तू काही बोलला नाहीस. मी रागावले, पण तुला सोडलं नाही. जाणार कुठं होते? तेवढंच माणूस उरलं होतं बोलायला. रात्री रडले तर तुझ्यापाशी, भाजी करपली तर तुझ्यापाशी. तू नसतास तर मी वेडी झाले असते, हे तुला ठाऊक आहे. आज मी वर आहे, ते खाली आहेत. माझा हात काही तिथं पोचत नाही. तू तिथंही असतोस म्हणतात. मग त्यांचा हात धर. बोलू नकोस हवं तर, पण धर."

ती थांबली. पाइपाला कान लावला. काही नाही.

"सकाळी मी निरोप दिला. तू पोचवला नाहीस म्हणून इथं येताना रस्ताभर तुला बोलले. चुकलं माझं. निरोप सांगायला तोंड मला दिलं होतंस. पाच वर्षं मी तुला हमालासारखं राबवलं, आणि माझ्या माणसापाशी मी कधी गेलेच नाही."

मग तिनं पदर सावरला, पाइप दोन्ही हातांत धरला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "अहो."

पाळकसाहेबांनी हातातली टोपली खाली ठेवली.

"अहो, ऐकता का? मी बोलतेय. मीच."

खालून खरखर आली. मग आवाज, बारीक आणि वैतागलेला.

"जरा गप्प बस. बोलतोय मी."

"कोणाशी?"

"तुझ्या त्याच्याशी. पाच वर्षांचं साठलंय. मध्ये बोलू नको."

काकू पाइपाला कपाळ टेकून बसली. हसत होती की रडत होती ते पाठीमागून कळलं नाही. पाळकसाहेब फावडं घेऊन असे तुटून पडले की माळ्याला त्यांना एका झटक्याचा अर्थ समजावून सांगावा लागला.

दिवस मावळायच्या आत काका वर आला. डावा पाय गेला, गुडघ्यापासून. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं चहा मागितला, आणि काकूनं तो स्वतः ढवळून दिला. काका म्हणाला, गोड फार झालाय. तिथून दोघं जे भांडायला लागली ते अजून भांडताहेत, समोरासमोर. नर्सनं दोनदा हटकलं.

एकदा मी काकाला विचारलं, "खाली तो काही बोलला का?"

"नाही."

"मग?"

"ऐकत होता. शिव्या दिल्या, पोरीचं विचारलं, रडलोसुद्धा. तू कोणाला सांगू नको. भिंतीशी बोललं तर आवाज परत येतो. एकही शब्द परत आला नाही. कोणीतरी घेत होतं."

ओली माती आवाज परत देत नाही. मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं, त्यानंच शिकवलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणतो ते ऐकायला. मी म्हणालो, "हो." मला ते खोटं वाटलं नाही.

आता मी खाली उतरतो आणि काका वर, खुर्चीवर बसून दोर धरतो. फळ्या लावल्याशिवाय आम्ही हातभरही खणत नाही. घरातून निघताना मी दारात क्षणभर थांबतो. मला फार मोठं बोलता येत नाही. एवढंच विचारतो, प्रभू, माझ्यासाठी कोणाचा काही निरोप आहे का?

मग आत वळून काकूलाही विचारतो.